फिलिप्स यांचा तिकीटसंग्रह: अस्सल आहे, पण कोणत्या प्रश्नासाठी?

‘प्राथमिक साधन’ हा शब्द आपण सिनॉप्सिसमध्ये फार सहज लिहून टाकतो. जुनं आहे, मूळ आहे, संग्रहालयात आहे, झालं काम. आज असं एक साधन बघू, ज्याच्या अस्सलपणाबद्दल वादच नाही. तरीही त्याच्या भरवशावर विषय ठरवलात तर अर्धा इतिहास तुमच्या हातून निसटेल.

ब्रायटनच्या रेजिनाल्ड एम. फिलिप्स यांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ब्रिटिश तिकिटं आयुष्यभर जमवली. 1965 मध्ये त्यांनी हा संग्रह आणि सोबत 50,000 पौंड देशाला दिले आणि त्यातून लंडनचं नॅशनल पोस्टल म्युझियम उभं राहिलं. ते 1998 मध्ये बंद झालं. संग्रह आता 2017 मध्ये उघडलेल्या पोस्टल म्युझियमकडे आहे. म्हणजे एका माणसाची आवड ही एका राष्ट्रीय संस्थेचा पाया झाली. हे वाक्य बाजूला लिहून ठेवा, पुढे लागेल.

आधी या संग्रहाचं बळ सांगतो, कारण ते खरंच मोठं आहे. रोलंड हिलने 1837 मध्ये टपालसुधारणेची पुस्तिका काढली. 1839 मध्ये ब्रिटिश ट्रेझरीने लोकांकडून सूचना मागवल्या, तेव्हा 2,600 च्या वर आल्या. चौघांना प्रत्येकी 100 पौंडांचं बक्षीस मिळालं, पण एकही सूचना जशीच्या तशी वापरली गेली नाही. मग विल्यम वायनच्या पदकावरचा राणीचा चेहरा, त्यावरून हेन्री कॉर्बोल्डने केलेलं रेखाटन, चार्ल्स आणि फ्रेडरिक हीथ या बापलेकांचं कोरीवकाम, पर्किन्स बेकनची छपाई आणि शेवटी मे 1840 मधलं ‘पेनी ब्लॅक’. कल्पना, नमुना, प्रूफ, तिकीट: हा प्रवास वस्तूंमधून उलगडणं हे फिलिप्स यांच्या संग्रहाचं वैशिष्ट्य. तिकीट कसं घडलं, यावर काम करणाऱ्याने इथे खुशाल सहा महिने बसावं.

आता माझा आक्षेप. अशी मांडणी तटस्थ नसते. मसुद्यापासून छापील तिकिटापर्यंत सगळं ओळीने लावलं की वाटतं, इतिहास सरळ पेनी ब्लॅककडेच चालला होता. त्याच दिवशी, त्याच सुधारणेचा भाग म्हणून, विल्यम मुलरेडीने चितारलेले छापील लिफाफे आणि पत्रकागदही निघाले होते. लोक तिकिटापेक्षा हेच जास्त घेतील, असा हिलचा अंदाज. झालं उलटं. मधोमध बसलेली ब्रिटानिया जगभर दूत पाठवते आहे, हे चित्र लोकांना इतकं हास्यास्पद वाटलं की त्याची विडंबनं छापून विकली जाऊ लागली आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं. तिकीटघडणीच्या कहाणीत मुलरेडी म्हणजे एक फसलेली आडवाट. मला विचाराल तर वाचकांचा, म्हणजे पत्रं लिहिणाऱ्यांचा, आवाज सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो तो तिथेच.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि ती फक्त फिलिप्स यांच्यापुरती नाही. संग्राहकाला तिकीट कसं हवं असतं? चारही बाजूंनी भरपूर कड असलेलं, स्वच्छ, शक्यतो न वापरलेलं. वापरलेलं असलंच तर पिढ्यान्‌पिढ्या ते पाण्यात भिजवून लिफाफ्यावरून सोडवलं जायचं. आता बघा, 1840 मध्ये तिकिटावर मारायचे तो माल्टीज क्रॉसचा शिक्का. त्यात गावाचं नाव नाही, तारीखही नाही. तारखेचा शिक्का बहुधा पत्राच्या पाठीवर असायचा. तिकीट सुटलं की पत्र कधीचं, कुठून निघालं, कुणाला गेलं, तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या पाण्याबरोबर गेली! गाव ओळखू येईल असे आकड्यांचे शिक्के आले 1844 मध्ये.

आणि पेनी ब्लॅक गेलं का, तेही वापरातूनच कळतं. काळ्या तिकिटावरचा लाल शिक्का पुसून लोक तेच तिकीट पुन्हा चिकटवतील, ही भीती होती. म्हणून 1841 मध्ये तिकीट लाल झालं आणि शिक्का काळा. कोरं करकरीत तिकीट हे सांगू शकत नाही.

तुम्हाला घराजवळचं उदाहरण हवं असेल तर पेशवे दफ्तर आठवा. ते कारभार करताना साठत गेलं, कुणी छंद म्हणून जमवलं नाही. पण आपण बरेचदा वाचतो ते गो. स. सरदेसायांनी 1930 नंतर संपादित केलेले 45 भाग, म्हणजे पुन्हा निवडच. निवड वाईट नसते. निवडणाऱ्याचा प्रश्न कोणता होता, हे न विचारता तोच आपला प्रश्न म्हणून उचलणं वाईट. टॅपलिंग या खासदाराचा संग्रह 1891 मध्ये ब्रिटिश म्युझियमला मिळाला. तो जगभरच्या तिकिटांचा आहे, त्यामुळे त्यातली गाळणी वेगळी. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

1840 पूर्वी पत्राचे पैसे बहुधा घेणारा द्यायचा. परवडलं नाही तर पत्र परत. 1839 मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे 7.6 कोटी पत्रं गेली, 1840 मध्ये 16.9 कोटींच्या आसपास. ही वाढ कुणाच्या घरातून आली? दुकानदारांच्या की गाव सोडून शहरात गेलेल्या मुलींच्या? यासाठी देखणी प्रूफं उपयोगाची नाहीत. त्यासाठी लाल पेनीची, फाटक्या कडांची, बाजारात फारशी किंमत नसलेली, पण पत्रासकट टिकलेली बाडं शोधावी लागतील. एका प्रूफच्या बदल्यात कुणी मला एखाद्या किराणा व्यापाऱ्याची अशी दोनशे पत्रं देत असेल, तर मी प्रूफकडे वळूनही बघणार नाही.