आडनावाचा रकाना: 'कांबळे' या नोंदी वाचताना

विद्यापीठीय संशोधनाच्या भांडारात एखादे आडनाव घालून शोध घ्यावा आणि जे हाती येईल ते एकत्र वाचावे, ही समीक्षेची पद्धत होऊ शकते काय? प्रश्न वरवर पाहता ग्रंथपालाचा आहे. परंतु ज्या समाजात आडनाव कानी पडताच समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो, त्या समाजात आडनावांची यादी ही निव्वळ वर्णानुक्रमाची यादी राहू शकत नाही. म्हणून हा प्रश्न मी ग्रंथालयातून उचलून साहित्यविचारात आणतो आहे. तपासण्यासाठी घेतलेले आडनाव 'कांबळे'. ते माझेही आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. तटस्थतेचा आव मला आणायचा नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 साली नियम केला आणि पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक झाले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेल्या 'शोधगंगा' या भांडारात आज देशभरातील प्रबंध साठलेले आहेत. पूर्वी प्रबंध म्हणजे विद्यापीठाच्या कपाटात कुलूपबंद असलेली काळी बांधणी. ती पाहायची तर ओळख लागे, अर्ज लागे, आणि अर्जावर पुन्हा नाव लागे. आता खेड्यातील महाविद्यालयात बसलेला माझा विद्यार्थीही ती उघडू शकतो. या सोयीचे मोल आपण कमी लेखू नये. ज्यांच्या घरात वर्तमानपत्रही येत नव्हते अशा घरांतून आलेल्या माझ्या पिढीला तर मुळीच नाही.

या भांडारात 'कांबळे' घातले की रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल, वाणिज्य, ग्रंथालयशास्त्र, इंग्रजी, मराठी अशा नाना विषयांतील प्रबंध एकाखाली एक येतात. त्यांच्यात विषयाचे नाते नाही, काळाचे नाही, विद्यापीठाचेही नाही. यंत्राच्या लेखी ही पाच-सहा अक्षरांची योगायोगाची भेट आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूरकडच्या माणसाच्या लेखी मात्र ती तशी नाही. सीमेपलीकडे निपाणी-बेळगावातही नाही. 'पवार' किंवा 'गायकवाड' ही आडनावे वाड्यातही असतात आणि वाड्याबाहेरही असतात. दया पवारांच्या आणि लक्ष्मण गायकवाडांच्या आडनावांवरून परक्या माणसाला काही कळत नाही. 'कांबळे' या आडनावाला अशी आडोशाची जागा नाही. ते सांगितले की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. पूर्वाश्रमीचे महार, आजचे बौद्ध, यांच्यात ते सर्वाधिक आढळत असले तरी चर्मकारांत आहे, मातंगांत आहे. म्हणजे गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांच्या आपसांतील भेदही हे आडनाव झाकून टाकते. एकाच वेळी ते फार बोलते आणि फार लपवते. यादी वाचताना ही दोन्ही अंगे ध्यानात ठेवावी लागतात.

माझ्या मते या यादीत चार प्रकारची नाती एकमेकांत मिसळलेली आहेत: रक्ताचे, लग्नाचे, जातीचे आणि नुसत्या अक्षराचे. समीक्षकाचे काम ही नाती निवडून वेगळी करणे हे आहे. सर्वांना एकाच गाठोड्यात बांधण्याचे काम आपल्या समीक्षेने यापूर्वीच पुष्कळ करून ठेवले आहे.

रक्ताचे नाते पाहा. शांताबाई कांबळे आणि अरुण कांबळे ही आई आणि मुलगा. आईने 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. मुलगा दलित पँथरच्या चळवळीत वाढला, पुढे मुंबई विद्यापीठात मराठीचा विभागप्रमुख झाला. 'रामायणातील संस्कृतिसंघर्ष' हा त्याचा ग्रंथ 1982 चा. त्याच्या कवितासंग्रहाचे नावच 'अरुण कृष्णाजी कांबळे' असे आहे. मुखपृष्ठावर स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव, तिन्ही शीर्षक म्हणून ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. हजेरीपटावर आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर जे नाव खालच्या मानेने लिहावे लागले, ते येथे पुस्तकाचे मथळा झाले. आता गंमत अशी की सूचीकाराला येथे कर्ता कोणता आणि कृती कोणती हे दोनदा पाहावे लागते. त्या कवीने नोंदवहीच्या दोन रकान्यांमधली रेघच पुसली आहे.

लग्नाचे नाते त्याहून गुंतागुंतीचे आहे. 1986 या एकाच वर्षी दोन कांबळे बायांची आत्मकथने पुस्तकरूपाने आली: शांताबाईंचे वर सांगितलेले आणि बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. साल एक, आडनाव एक, म्हणून समीक्षेने दोघींना जोडीने उभे केले आणि 'दलित स्त्रियांची आत्मकथने' अशी पाटी लावून ती पुढे निघून गेली. प्रत्यक्षात या दोघींचे रक्ताचे नाते नाही. दोघीही सासरहून कांबळे झालेल्या. शांताबाई माहेरच्या बाबर, महूदच्या. बेबीताई माहेरच्या काकडे, वीरगावच्या. आणि पुस्तके तर दोन टोकांची. शांताबाईंच्या पुस्तकात नाजा नावाची एक मुलगी शाळेत जाते, शिक्षिका होते, नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला सामोरी जाते, आणि एकेक प्रसंग जसा आठवला तसा तुकड्या-तुकड्यांनी सांगत जाते. तेथे 'मी'ला महत्त्व आहे, कारण तो 'मी' नोकरीच्या पगारावर उभा राहिलेला आहे. बेबीताईंच्या पुस्तकात 'मी' जवळजवळ नाहीच. तेथे महारवाडा बोलतो: त्याची भूक, त्याचे पोतराज, त्याच्या सासवा, बाळंतिणीचे हाल, आणि मग आंबेडकरी चळवळीने आलेली जाग. शीर्षकातच 'आमुचं' आहे. एक बाई समूहातून स्वतःला वेगळे काढते आहे, दुसरी स्वतःला समूहात विरघळवते आहे. हा मूलभूत भेद आडनावाच्या धाग्याने ओवल्यावर दिसत नाही.

बेबीताईंच्या बाबतीत तर आडनावच एक दस्तऐवज आहे. फलटणला छोटे दुकान चालवता चालवता त्यांनी हे लिहिले आणि कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. नवऱ्याचा मार आपण खाल्ला ही गोष्ट त्यांनी पुस्तकात फारशी येऊ दिली नाही. पुढे माया पंडित यांच्याशी झालेल्या मुलाखतीत ती सांगितली. ज्या घरात वही लपवावी लागली त्या घराचे आडनाव वहीचे पुस्तक झाल्यावर मुखपृष्ठावर आले. आता प्रबंधकाराने 'कांबळे' ही नोंद करताना या अंतर्विरोधाचे काय करायचे? निदान तो दिसला पाहिजे.

याच संदर्भात कुमुद पावडे यांची आठवण ठेवावी. 'अंतःस्फोट' हे त्यांचे पुस्तक 1981 चे. माहेरच्या सोमकुवर. संस्कृतमध्ये एम.ए. होऊनही 'सोमकुवर' या नावाला नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्नानंतर 'पावडे' झाल्यावर मिळाली. विद्वत्ता तीच, पदवी तीच, बदलले ते फक्त आडनाव. जो कोणी म्हणतो की नावात काय आहे, त्याने हे पुस्तक वाचावे. आणि आडनावावर शोध घेणाऱ्याने हेही ओळखावे की अशी कितीतरी माणसे त्याच्या यादीत येणारच नाहीत. काहींनी गावावरून 'कर' लावून नाव घेतले, काहींनी आडनाव टाकून दिले, काही मुली लग्नाने दुसऱ्या पानावर गेल्या. यादीतली अनुपस्थिती हाही आपल्या इतिहासाचा भाग आहे.

जातीच्या नात्याकडे वळतो. शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातून 1908 साली 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. महारांना लष्करात पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केले, मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लिहिले, 1929 च्या पर्वती सत्याग्रहात ते पुढे होते. त्यांनी पत्रासाठी निवडलेले 'सोमवंशीय' हे नाव म्हणजे समाजाने स्वतःला दिलेले नाव होते. गावाने दिलेले नाकारून घेतलेले. बी. सी. कांबळे यांनी 'समग्र आंबेडकर चरित्र' खंडाखंडांनी लिहिले. उत्तम कांबळे यांनी 'वाट तुडवताना' मध्ये वाचनाने घडलेल्या आयुष्याची हकिकत सांगितली आणि 2010 साली ठाण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या तिघांत रक्ताचे नाते शोधणे व्यर्थ. परंतु पत्रकार, चरित्रकार, संपादक अशी ही शंभर वर्षांची साखळी आत्मकथनाच्या पाटीखाली मावत नाही. दलित साहित्य म्हणजे दुःखाचे निवेदन, एवढेच ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आडनावाची यादी उत्तर देऊ शकते. येथे यादीचा उपयोग आहे, आणि तो मी मान्य करतो.

उरले अक्षराचे नाते. येथे भांडार आपली फसवणूक करते. रोमन लिपीत 'ळ' नाही. म्हणून 'ब' आणि 'ळ' यांच्यामध्ये कोणी एक 'ए' घालतो, कोणी गाळतो. माझ्याच प्रबंधाच्या नोंदीत कोणा कारकुनाने एक स्वर जास्त घातला, त्यामुळे पदवीच्या कागदावरचा मी आणि भांडारातला मी दोन वेगळ्या ओळींत राहतो. दुसरीकडे, केवळ आद्याक्षरे लिहिण्याच्या चालीमुळे 'कांबळे, एस.' या एका नोंदीत शिवराम, शांताबाई आणि कोणी सूक्ष्मजीवशास्त्राचा संशोधक हे सारे एकत्र कोंबले जातात. एकच माणूस दोन होतो आणि दहा माणसे एक होतात. मराठीत लिहिलेले कितीतरी प्रबंध नुसत्या छायाप्रती आहेत. त्यांच्या पोटातला देवनागरी मजकूर यंत्राला वाचता येत नाही. म्हणजे ज्या भाषेत आपण लिहिले त्याच भाषेत आपल्याला शोधता येत नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट रकान्यांची आहे. नोंदीत संशोधकाचा रकाना असतो, मार्गदर्शकाचा असतो, शीर्षकाचा असतो. बेबीताई संशोधकाच्या रकान्यात सापडणार नाहीत. त्या शीर्षकात सापडतात. चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईच्या पुस्तकावर माणसे डॉक्टर होतात. त्यात वाईट काही नाही. परंतु तिच्या हयातीत तिच्याकडे माहिती मागायला गेलेल्यांपैकी किती जणांनी तिला विचारवंत म्हणून प्रश्न विचारले? एकेकाळी साहेबांच्या जातिवर्णनाच्या ग्रंथांत आपण 'माहिती' होतो. आज संशोधकाच्या रकान्यात आपले आडनाव आले, ही मोठी मजल आहे. पण आपणच आपल्या आयांना पुन्हा 'माहिती' करून ठेवणार असू, तर रकाना बदलला, व्यवहार बदलला नाही. मार्गदर्शकाच्या रकान्यात हे आडनाव किती वेळा येते, हे विभागवार मोजून पाहण्याचे काम कोणीतरी हाती घ्यावे. ज्ञानसंस्थेतील सत्ता तेथे बसलेली असते.

आणि आपल्या नियतकालिकांनाही एक प्रश्न. रसायनशास्त्रात प्रबंध लिहिणारा कांबळे आपला नाही काय? त्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्याच्या वाटेत तीच वसतिगृहे आहेत, तीच उशिरा येणारी शिष्यवृत्ती आहे. त्याच्या प्रबंधात मात्र यातले काही येणार नाही, आणि येऊही नये. त्याने आपले रसायन करावे. जखम दाखवल्याखेरीज आपले बौद्धिक कर्तृत्व दिसतच नसेल, तर आपणही प्रस्थापित समीक्षेचाच चष्मा घातला आहे. 'रामायणातील संस्कृतिसंघर्ष'सारख्या चिकित्सक ग्रंथाची चर्चा आत्मकथनांच्या मानाने कमी का झाली, याचे उत्तरही येथेच आहे.

कोणी म्हणेल, आडनाव ही जातीची खूण. तिच्यावर शोध घेणे म्हणजे चावडीवरच्या पाटलाने करायचे तेच काम आपण करणे. आक्षेपात तथ्य आहे. आडनावावरून माणूस ठरवणे हा गुन्हाच आहे. परंतु आडनावावरून माणसे वगळली गेली असतील, तर ती कोठे वगळली गेली हे पाहायलाही आडनावाचाच दिवा लागतो. फरक हेतूचा आहे आणि थांबण्याच्या जागेचा आहे. शोध आडनावापाशी सुरू करावा. वाचन तेथे थांबवू नये.

यासाठी काही कामे ताबडतोब करता येतील. प्रबंधाच्या नोंदीत संशोधकाचे पूर्ण नाव देवनागरीतही असावे. स्त्रियांना हवे असेल तर माहेरचे नाव जोडीने नोंदवण्याची सोय असावी. आईचे नाव लावणाऱ्यांचे ते नाव तसेच राहावे, जसे किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर'वर ठेवले. समीक्षकांनी 'कांबळेंचे आत्मकथन' असे मोघम न लिहिता कोणाचे, कोणते, कोणत्या सालचे, हे लिहावे. आणि आपल्या चळवळीची पत्रे, जलशांच्या वह्या, छोट्या गावांतून निघालेली व बंद पडलेली नियतकालिके यांची सूची आपण स्वतः करावी, कारण पदवीसाठी न लिहिलेल्या या मजकुराला विद्यापीठाच्या भांडारात दार नाही. माझ्या महाविद्यालयातील मराठीच्या विद्यार्थ्यांना मी या वर्षी हे काम वाटून दिले आहे. प्रत्येकाने आपल्या वस्तीतील एका लिहित्या माणसाची नोंद करायची: पूर्ण नाव, गाव, काय लिहिले, कोठे छापले, प्रत कोणाकडे आहे. आडनावाचा रकाना त्या नोंदीत शेवटी ठेवला आहे.