ऑर्डर आठ, पण पहिली फेरी कुठे जाते?

डेरिव्हेटिव्ह न काढता समीकरणाचं मूळ शोधणाऱ्या पद्धतींवरचे पेपर वाचायला घेतलेत, की साचा लवकरच ओळखीचा होईल. आधी स्टेफन्सन (१९३३), मग कुंग आणि ट्राउब यांचं १९७४ चं अनुमान: जुन्या फेऱ्यांची माहिती न वापरता, एका फेरीत चार वेळा फंक्शनची किंमत काढली तर ऑर्डर जास्तीत जास्त आठ. शेवटी तक्ता, चूक दहाचा उणे दोनशेवा घात वगैरे. तक्ता खरा असतो. पण सुरुवातीचा बिंदू बहुतेक वेळा मुळाला चिकटूनच घेतलेला असतो, आणि साध्या डबल प्रिसिजनमध्ये सोळाएक अंकांपुढे काही उरतही नाही.

स्टेफन्सनची युक्ती छान आहे. न्यूटनला लागणारा उतार काढायचा तर क्षपासून फंक्शनच्या किमतीइतकं पुढे जायचं आणि त्या दोन बिंदूंमधल्या रेषेचा उतार घ्यायचा. दोन किमती, ऑर्डर दोन.

आता हे वहीत करून बघा. क्ष² − २ = ०, सुरुवात १.५. फंक्शनची किंमत ०.२५, दुसरा बिंदू १.७५, उतार ३.२५; नवीन क्ष १.४२३. मस्त. आता तेच समीकरण १०० ने गुणा. मूळ तेच. पण किंमत २५ झाली, दुसरा बिंदू गेला थेट २६.५ वर, उतार २८००, आणि नवीन क्ष १.४९१. जवळपास जागेवरच! न्यूटनला किंवा सीकंटला या गुणण्याने काडीचा फरक पडत नाही. इथे पडतो, कारण क्षमध्ये आपण फंक्शनची किंमत मिळवतोय. क्ष सेकंदात आणि फंक्शन मीटरमध्ये असेल तर ही बेरीज कसली? आठव्या ऑर्डरच्या बऱ्याच पद्धतींची पहिली पायरी हीच असते, म्हणजे दुखणंही वारशाने येतं.

‘ऑप्टिमल’ शब्दालाही भुलू नका. ऑर्डरचं, फेरीत काढलेल्या किमतींइतकं मूळ घेतलं, तर तीन किमतींत ऑर्डर चार देणारी पद्धत १.५८७ वर येते. सीकंट, फेरीला एकच नवी किंमत काढून, १.६१८ वर आहे. आठवीवाली १.६८२. एवढ्याशा फरकासाठी किती पानं!

यातलं मला खरंच मोलाचं वाटतं ते ट्राउबच्या १९६४ च्या पुस्तकातलं काम: फंक्शनच्या किमतीला एक गुणक लावायचा आणि तो मागच्या फेरीतल्या किमतींवरून दर वेळी सुधारायचा. एकही जादा किंमत न काढता ऑर्डर २ वरून २.४१४ होते, आणि गुणक फंक्शनच्या मापाशी आपोआप जुळत जातो. पेपरमध्ये हा गुणक नुसताच १ किंवा ०.०१ धरलेला दिसला, तर त्यांचं पहिलं उदाहरण १०० ने गुणून स्वतः चालवा, आणि मगच तक्ता वाचा.