आज्ञापत्र आणि आमची एक खोड

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ (१७१५) आम्ही नुकतेच जुन्नरास, शिवनेरीच्या पायथ्याशी, पुन्हा वाचले. हाताखालच्या अध्यापकांची प्रत्येक अडचण स्वतः निस्तरण्याची आम्हांस जुनी खोड. तिला आम्ही दयाळूपणा म्हणत आलो! पंतांनी गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस अशी कामे वाटली, कारण वेढा पडलेल्या गडावर धनी धावून जाऊ शकत नाही. गद्य करडे, आटोपशीर आहे. मात्र शिक्षेविषयी पंत जितके बोलतात तितके शिकण्याविषयी बोलत नाहीत, ही उणीव आम्हांस बोचली. परवा एक तरुण अध्यापक बिघडलेले वेळापत्रक घेऊन आला. आम्ही लेखणी उचलली, आणि खाली ठेवली. दोन दिवसांनी त्याने ते नीट करून आणले, आमच्याहून बरे.