शिकलेलं बदलायचं भाडं

मस्तगडला एका मित्राच्या माळ्यावर रविवारी आमचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव बसतो. चौघे खेळाडू आणि गोष्ट चालवणारा मी. एकाने चौथ्या लेव्हलला आपल्या योद्ध्यासाठी घोड्यावरून लढायची फीट घेतली. त्यानंतर सहा महिने आम्ही भुयारातच आहोत. "बदलू दे ना," तो म्हणाला. मी पुस्तकावर बोट ठेवलं. पुढच्या रविवारी तो आलाच नाही.

पुस्तक माझ्या बाजूचं होतं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत बार्ड किंवा सॉर्सररला लेव्हल वाढताना एखादा मंत्र बदलता येतो. फीट घेतली की घेतली. 2020 च्या 'टाशाज कॉल्ड्रन'ने फायटिंग स्टाइल बदलायची ऐच्छिक सोय दिली, फीटची नाही. त्याआधी 2008 ची चौथी आवृत्ती याबाबत उदार होती: दर लेव्हलला एक गोष्ट बदला, फुकट.

फुकट बदलाविरुद्धचा आक्षेप मला आजही पटतो. पुढच्या राक्षसाकडे बघून जो तो कौशल्यं बदलू लागला, तर पात्र उरत नाही, हत्यारांची पेटी उरते. निवडीला वजन हवंच.

पण त्या मित्राची निवड चुकली कुठे? भुयार मी आणलं. घोडा मी आणला नाही. शिक्षा मात्र त्याला, आणि तिला मी 'निवडीचा परिणाम' म्हणत होतो. ज्या परिणामाची दोरी दुसऱ्याच्या हातात आहे, तो निवडणाऱ्याच्या माथी मारणं हा खेळ नव्हे, हेका आहे.

म्हणून 2019 च्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीचा नियम मला सर्वांत शहाणा वाटतो. फीट बदला, पण साधारण आठवडा द्या. वर्गातली मोठी निवड बदलायची तर निदान महिना. वंश, पूर्वायुष्य आणि खुद्द वर्ग मात्र बदलत नाही. बदलाला बंदी नाही, भाडं आहे, आणि ते पात्राने गोष्टीतच भरायचं.

आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचा नारायण बोहल्यावरून निघाला, ही कथा इथे सगळ्यांना पाठ असते. त्यानंतरची टाकळीची बारा वर्षं परंपरा तितक्याच आवर्जून सांगते. ती वर्षं गाळली तर उरतो फक्त पळून गेलेला नवरदेव.

या नियमाचीही एक खोट आहे. टेबलावर आठवडा एका वाक्यात संपतो: "सात दिवस गेले." मग भाडं कागदावरच राहतं. ते वसूल व्हायला शिकवणारा हवा, थांबलेली मोहीम हवी, सोबत्यांची कुरकुर हवी.

काल मित्राला फोन केला. या रविवारी भुयारात एक म्हातारा भालदार भेटेल; तो शिकवेल, पण आठवडाभर मशाली जळतील आणि शिधा संपत येईल. चूक माझीही होती, म्हणून निम्मा शिधा भालदार देईल. येतो म्हणाला.