कबुली आणि नावे : आर्थर मिलर यांचे 'द क्रुसिबल'

सोनार ज्या पात्रात सोने वितळवून त्यातील हीण वेगळे करतो, त्या पात्रास मराठीत मूस म्हणतात. इंग्रजीत तिला 'क्रुसिबल' हा शब्द आहे. अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांनी आपल्या नाटकास हेच नाव दिले आणि जानेवारी १९५३ मध्ये ते न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर आले. १६९२ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील सेलम येथे प्युरिटन पंथीयांच्या न्यायालयाने चेटकाच्या आरोपावरून १९ स्त्रीपुरुषांना फाशी दिले, त्या घटनेवर हे नाटक उभे आहे. धर्मवेडाचे नाटक म्हणून त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. परंतु आम्हांला त्यात अधिक विचार करण्याजोगी वाटली ती एक निराळीच गोष्ट. या न्यायालयाला आरोपीकडून कबुली हवी असते आणि तिची किंमत पश्चात्तापाने नव्हे, तर दुसऱ्यांच्या नावांनी ठरते.

गावचे पाळक रेव्हरंड पॅरिस यांची मुलगी बेटी, भाची ॲबिगेल आणि इतर मुली रात्री रानात नाचताना पाळकांच्याच दृष्टीस पडतात. प्युरिटनांच्या लेखी नाच हे पाप. बेटी भीतीने अंथरुणास खिळते आणि चेटकाची कुजबुज सुरू होते. संशय प्रथम येतो तो पाळकांच्या घरच्या गुलाम स्त्रीवर, टिट्युबावर. तिला फटक्यांची व फाशीची धमकी मिळते. मग रेव्हरंड हेल तिची मऊ शब्दांत समजूत घालतात. सैतानाबरोबर तिने कोणाला पाहिले, हे सांगायला तिला सुचत नसते, तेव्हा जमीनदार पुटनम स्वतःच दोन दुबळ्या स्त्रियांची नावे तिच्यापुढे ठेवतो. थोड्याच वेळात तीच नावे तिच्या तोंडून बाहेर पडतात. घरातील अगदी खालच्या पायरीवरच्या या स्त्रीच्या शब्दाला एकाएकी वजन येते. कोपऱ्यात उभी असलेली अनाथ ॲबिगेल हे पाहते आणि तीही नावांचा पाढा वाचू लागते. सत्ता कशी जन्मास येते, याचे इतके साधे आणि इतके भयंकर चित्र आम्ही रंगभूमीसाठी लिहिलेल्या वाङ्मयात क्वचितच वाचले आहे.

पुटनमचे हितसंबंध जमिनीत आहेत. शेजारी फासावर चढला तर त्याची जमीन विकत घेण्याइतका पैसा गावात त्याच्याचजवळ असतो.

तिसऱ्या अंकातील एक प्रसंग मात्र सावकाश वाचावा असा आहे. रिबेका नर्स ही गावाने पूज्य मानलेली वृद्धा, एलिझाबेथ प्रॉक्टर आणि मार्था कोरी या तिघींच्या चारित्र्याची ग्वाही देणारा एक कागद न्यायालयापुढे ठेवला जातो. त्यावर ९१ जणांच्या सह्या आहेत. सारे शेतकरी, सारे चर्चचे सभासद. आणि या सहीने त्यांना काही अपाय होणार नाही, असे आश्वासन रिबेकाच्या भल्या पतीने त्यांना दिलेले. न्यायाधीश डॅनफोर्थ या ९१ जणांना चौकशीसाठी पकडून आणण्याचा हुकूम देतात. शेजारणीविषयी चांगले बोलण्याकरिता दिलेली नावे क्षणात संशयितांची यादी होऊन बसतात. लगेच पुढे जाइल्स कोरी हा म्हातारा पुटनमविरुद्ध साक्षीदार असल्याचे सांगतो, पण वरचा कागद पाहून शहाणा झालेला असल्यामुळे त्याचे नाव सांगत नाही. त्याच्या अंगावर दगड ठेवीत नेतात, तरी तो एकच मागणी करतो : वजन वाढवा.

आपल्या वाचकांना येथे पापनिवेदनाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. प्रायश्चित्त संस्कारात मनुष्य स्वतःची पापे सांगतो, शेजाऱ्याची नव्हे. पापात सहभागी असलेल्याचे नाव धर्मगुरूने विचारू नये, असा निर्बंध १९८३ च्या चर्चच्या विधिसंहितेत आहे आणि ऐकलेले गुपित तर त्याला कधीच फोडता येत नाही. डॅनफोर्थ यांची कबुली नेमकी याच्या उलट आहे. ती चारचौघांत व्हावी, लिहून घेतली जावी आणि तिच्यातून पुढच्या अटकेचे नाव निघावे. जो कबूल होईल तो जगेल, जो सत्याला धरून राहील तो मरेल.

नायक जॉन प्रॉक्टर हा निष्कलंक नाही. ॲबिगेल त्याच्या घरी मोलकरीण असताना त्याने तिच्याशी व्यभिचार केला आहे. दुसऱ्या अंकात त्याला दहा आज्ञा म्हणून दाखवाव्या लागतात, त्या वेळी नेमकी हीच आज्ञा त्याला आठवत नाही (आपल्या मोजणीत ती सहावी, प्युरिटनांच्या सातवी). पत्नी एलिझाबेथ ती हलकेच सुचविते. पुढे ॲबिगेलचा खोटेपणा उघडा पाडण्यासाठी तो भर न्यायालयात आपले पाप सांगतो. सबंध नाटकातील ही खरीखुरी कबुली, आणि न्यायालयाला तिची पडताळणी हवी असते. एलिझाबेथला बोलावतात. कधीही खोटे न बोलणारी ही स्त्री पतीची अब्रू राखण्यासाठी एकदाच खोटे बोलते आणि त्यानेच त्याचा घात होतो.

फाशीच्या दिवशी सकाळी प्रॉक्टर जीव वाचविण्यासाठी खोटी कबुली द्यायला तयार होतो. आपल्यापुरते तो बोलतो. इतरांची नावे विचारताच अडतो. डॅनफोर्थ तेवढ्यावर भागवतात, पण सही मागतात, चर्चच्या दारावर लावण्यासाठी. प्रॉक्टर सही करतो आणि कागद फाडतो. आपल्या भाषेत 'नाव' या शब्दातच अब्रू येते, 'नाव घालवले' असे आपण म्हणतो, म्हणून मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

हे प्रॉटेस्टंटांचे पाप म्हणून कोणी हात झटकू नयेत. जोन ऑफ आर्क हिने भीतीपोटी एका कबुलीवर खूण केली, काही दिवसांत ती मागे घेतली आणि १४३१ साली तिला रुआं येथे जिवंत जाळण्यात आले. तिला दोषी ठरविणाऱ्या न्यायासनावर आपलाच एक बिशप होता. तो निकाल १४५६ साली रद्द झाला. संतपद मिळायला १९२० उजाडले.

नाटकाविषयी आमची एक तक्रार आहे. इतिहासातील ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची होती आणि प्रॉक्टर साठीच्या घरातला. मिलर यांनी तिला सतरा वर्षांची केले, प्रॉक्टरला तरुण केले आणि दोघांत पूर्वीचा संबंध कल्पिला. तिचे वय वाढविल्याचे ते स्वतःच नमूद करतात आणि नाटककाराला तेवढी मुभा असते. पण यामुळे सबंध गावाच्या हावेचा आणि न्यायाधीशांच्या अहंकाराचा भार एका दुखावलेल्या मुलीच्या सूडावर येऊन पडतो. शिवाय चौथ्या अंकात पतीच्या व्यभिचाराला आपला थंडपणा कारण झाला, असे एलिझाबेथच्या तोंडी घातले आहे, ते आम्हांला पटले नाही. प्रॉक्टरला क्षमा मिळावी हे योग्यच. तिची किंमत पत्नीने दोष पत्करून का द्यावी?

मिलर यांच्यावर पुढे हीच पाळी आली. साम्यवाद्यांचा शोध घेणाऱ्या अमेरिकन संसदेच्या समितीपुढे १९५६ साली ते उभे राहिले, स्वतःविषयी बोलले, इतर लेखकांची नावे मात्र त्यांनी सांगितली नाहीत. १९५७ मध्ये त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरविले गेले आणि पुढच्या वर्षी अपिलात तो निकाल फिरला.

सेलमच्या अनेक दोषितांची नावे १७११ साली वसाहतीच्या शासनाने निर्दोष ठरवून वारसांना भरपाई दिली. काही नावे राहून गेली होती. त्यांपैकी एलिझाबेथ जॉन्सन हिला फाशीची शिक्षा झाली होती, पण ती अमलात आली नव्हती. मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेच्या आठवीच्या मुलांनी तिच्यासाठी चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा २०२२ साली तिच्या नावावरचा डाग पुसला गेला.