हत्तिमिंगलाचं व्याकरण

कलकत्त्याला नोकरीत असताना आमच्या हापिसात एक वयस्कर हेडक्लार्क होते. साहेब तणतणत केबिनबाहेर आले, की हे गृहस्थ फायलीतून मान वर न काढता काहीतरी पुटपुटायचे आणि आजूबाजूच्या चार टेबलांवर दबलेलं हसू फुटायचं. मला तेव्हा बंगाली येत नव्हतं. महिन्याभराने धीर करून विचारलं, तर म्हणाले, कविता आहे, लहान मुलांची. एका मोठ्या साहेबाची मिशी चोरीला जाते, त्याची. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकच हातात ठेवलं आणि यावर बंगाली शिका, असा हुकूम सोडला. पुस्तक होतं ‘आबोल ताबोल’. कवी सुकुमार राय.

आपल्याकडे सुकुमार रायांची ओळख सत्यजित रायांचे वडील इथेच संपते. सुकुमारांचे वडील उपेंद्रकिशोर यांनी 1913 मध्ये मुलांसाठी ‘संदेश’ मासिक काढलं. संदेश म्हणजे निरोप आणि संदेश म्हणजे मिठाईही. दोन्ही अर्थ त्यांना हवेच असणार. 1915 मध्ये उपेंद्रकिशोर गेले आणि मासिक मुलाकडे आलं. या मुलाने विलायतेत जाऊन छपाईचं शास्त्र शिकून घेतलं होतं. तो कविता लिही, त्यांची चित्रं काढी आणि त्या छापायच्या कशा हेही तोच ठरवी. ‘आबोल ताबोल’ म्हणजे आपल्या भाषेत काहीच्या बाही. नाव असं असलं, तरी या पुस्तकात काहीच्या बाही असं काही नाही. मला त्याची गोडी लागली ती याच कारणाने.

‘खिचुडि’ ही कविता घ्या. तिच्यात प्राणी एकमेकांत मिसळून जातात. बदक आणि साळिंदर यांचं मिळून एक जनावर होतं, बगळा आणि कासव यांचं दुसरं, हत्ती आणि देवमासा यांचं तिसरं. पहिल्या जोडीपाशीच कवी कंसात हळूच सांगून टाकतो, की आपण व्याकरण जुमानत नाही. ही शुद्ध थाप आहे. बंगालीत हाँश म्हणजे बदक आणि शजारु म्हणजे साळिंदर. पहिला शब्द ज्या ध्वनीवर संपतो त्यावरच दुसरा सुरू होतो, आणि सांधा नेमका तिथेच बसवलाय: हाँशजारु. बक आणि कच्छप यांत ‘क’ सामाईक, म्हणून बकच्छप. हाती आणि तिमि यांच्यात ‘ति’, म्हणून हातिमि. हा संधी आहे, तोही पाणिनीने मान डोलवावी असा. बकच्छप तर मराठीत जसाच्या तसा चालतो. बाकीच्यांसाठी मी एक दुपार घालवली. हंस आणि साळिंदर यांचा हंसाळिंदर झाला. त्यात बदकाचा हंस करावा लागला, तेवढी लबाडी माफ असावी. हत्ती आणि तिमिंगल यांचा मात्र कुठेही न ताणता हत्तिमिंगल झाला. तो सापडला तेव्हा घरात मी एकटाच होतो, याचं अजून वाईट वाटतं.

शब्द असा चपखल जोडल्यावर कवी त्या जनावराच्या आत शिरतो. रसग्रहण करायचं तर इथे थांबायला हवं. पोपटाचं तोंड लागलेल्या सरड्याला प्रश्न पडतो, की यापुढे किडे खायचे की हिरव्या मिरच्या? हत्तिमिंगलाचा अर्धा भाग पाण्याकडे ओढतो, अर्धा जंगलाची वाट धरू म्हणतो. सिंहाला शिंगं नसल्याचं दुःख होतं. हरणाशी जोडला गेल्यावर ते तरी मिटतं. म्हणजे गंमत नुसत्या विचित्र आकाराची नाही. एकदा असा आकार मान्य केला, की पुढच्या अडचणी अगदी व्यावहारिक असतात: पोटाचं काय, राहायचं कुठे. आणि कवी त्या अडचणी हसू दाबून, तलाठ्याने सातबाऱ्यावर नोंद करावी तशा एकेका ओळीत लिहीत जातो. कविता टाळीवर म्हणता येते, आणि टाळी कुठेही चुकत नाही. जग विस्कटलेलं आणि ठेका मात्र पक्का, या ओढाताणीत हसू येतं. ठेका जरा ढिला पडला असता, तर उरला असता नुसता पोरकटपणा.

आता ती मिशीची कविता. हेड ऑफिसातले बडेबाबू, एरवी शांत माणूस. खुर्चीत पेंगता पेंगता दचकून उठतात आणि ओरडतात, की मिशी चोरीला गेली. कुणी वैद्य बोलवा म्हणतो, कुणी पोलीस. शेवटी लोक आरसा आणून दाखवतात: मिशी जागेवर आहे. आपली खरी वरचढ कल्पना कवीने इथून पुढे ठेवलीय. साहेब आरसा मानतच नाहीत. असली खराट्यासारखी मळकी मिशी माझी असूच शकत नाही, अशी तर अमक्याच्या गवळ्याची होती! मग सगळ्या हापिसाला दंड. शेवटी साहेब ज्या सिद्धांतावर येतात तो असा, की मिशी माणसाची नसतेच, माणूस मिशीचा असतो आणि तिच्यावरूनच ओळखला जातो. मराठीत मिशी स्त्रीलिंगी असल्याने हा सिद्धांत आणखीच खुलतो. साहेब कुणाचे, तर तिचे. आमचे हेडक्लार्क नेमकी हीच ओळ पुटपुटायचे, हे मला फार उशिरा उमगलं.

या कविता सात वर्षांच्या मुलाला हसवतात, पण त्या कळतात तेराव्या वर्षी. हा अंदाज माझ्या भाचीवर तपासून पाहिलेला आहे. आठवीत होती, कवितेचं नाव काढलं की तोंड वाकडं. तिला ‘एकुशे आइन’ मराठीत करून सांगितली. शिवशंकराच्या देशातले हे एकवीस आकड्याचे कायदे. तिथे पाय घसरून पडलात, तर शिपाई धरतो, काझी न्याय करतो आणि एकवीस रुपये दंड होतो. संध्याकाळी सहाच्या आत शिंकायचं असेल, तर तिकीट काढावं लागतं. दात हलला तर पट्टी, मिशी फुटली तर शंभर आणे कर आणि वर एकवीस सलाम. कविता करणाऱ्यांना पिंजऱ्यात घालून वाण्याच्या चोपडीतले हिशेब करायला लावतात, एकवीस पानं. भाची मध्येच म्हणाली, “मामा, ही आमची शाळा आहे.” अंगात नकळत होणाऱ्या गोष्टींवर दंड, हे तिला सांगावं लागलं नाही. त्या वयात दात, मिशी, आवाज, उंची, सगळ्यांवर कुणी ना कुणी कर बसवतच असतो. या कविता लिहिल्या गेल्या तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, हे मी नंतर जोडलं. तिला त्याची गरज नव्हती.

मग ‘खुडोर कल’, काकांचं यंत्र. खांद्याला बांधायचं; त्याची दांडी पुढे येते आणि तिच्यावर तोंडापासून हातभर अंतरावर मिठाई, पुऱ्या, कटलेट असं ज्याला जे आवडतं ते टांगायचं. माणूस खायला धावतो, खाणंही तितकंच पुढे सरकतं आणि पाच तासांची वाट दीड तासात संपते. यंत्र फार सोपं आहे, असं कवी आधीच बजावतो; पाच तास खटपट केली की आपोआप समजतं. यावर भाची हसली नाही. तिच्या क्लासच्या भिंतीवर गेल्या वर्षीच्या रँकवाल्यांचे फोटो टांगलेत, एवढंच म्हणाली.

आपल्याकडे या वयाच्या मुलांसाठी कवितेचं कपाट जवळजवळ रिकामं आहे. ससे, चांदोमामा आणि पऱ्या साधारण चौथीपर्यंत पुरतात. पुढे एकदम पाठ्यपुस्तकातला कवी आणि त्याखाली ‘रसग्रहण करा, गुण चार’. अपवाद विंदा करंदीकरांचा. ‘एटू लोकांचा देश’ (1963) आणि ‘पिशीमावशी आणि तिची दुनिया’ (1981) ही पुस्तकं सुकुमारांच्या शेजारी ठेवावीत अशी आहेत. देश काढायचा तर त्याचे रिवाजही काढायचे, भुतं आणायची तर त्यांचा संसारही मांडायचा, ही शिस्त विंदांकडे आहे. पण ही पुस्तकं आपण लहानग्यांच्या वाढदिवसाला देतो आणि मुलं खरी तयार होतात तेव्हा रद्दीत घालतो.

‘आबोल ताबोल’मधलं सगळंच आज गोड लागत नाही. पिंजऱ्यातल्या कवींच्या कानाशी पाढे म्हणायला शंभर ओडिया माणसं आणलीत, तीही कलकत्त्यात त्यांना हिणवण्याच्या शब्दाने. ‘सत्पात्र’मध्ये एकोणीस वेळा मॅट्रिकला आपटलेल्या गंगारामचं स्थळ सुचवणारा मध्यस्थ बहारीचा आहे, पण तिथेही नवरदेवाच्या काळ्या रंगावर हशा काढलेला आहे. भाचीला वाचून दाखवताना मी तिथे अडखळलो आणि तिने ते पकडलं.

1921 मध्ये सुकुमारांना काळा आजार झाला. पुढची अडीचेक वर्षं बरीचशी अंथरुणात गेली, आणि तिथूनच त्यांनी या पुस्तकाची जुळणी केली: कुठली कविता कुठल्या पानावर, चित्र किती मोठं. 10 सप्टेंबर 1923 ला, पस्तिसाव्या वर्षी ते गेले. सत्यजित तेव्हा दोन वर्षांचे होते. पुस्तक नऊ दिवसांनी बाहेर आलं.

शेवटची कविता पुस्तकाच्याच नावाची. तिच्यात चांदणं थंड आणि फार जुनं आहे, आणि घोड्याच्या अंड्यांचा गुच्छ बांधलेला आहे. बंगालीत घोड्याचं अंडं म्हणजे आपलं सशाचं शिंग, मुळात नसलेली वस्तू. तिचा गुच्छ बांधून झाल्यावर कवी सांगतो, की झोप दाटून येतेय आणि आता गाणं संपलं. आपण उठणार नाही हे कळलेल्या माणसाची ही ओळ आहे. मी ती बोटांवर मोजून पाहिली. ठेका कुठेही चुकलेला नाही.