ठिणगी केव्हा पडते?

पेट्रोल इंजिनाची चार चित्रे शालेय पुस्तकांत हटकून असतात: शोषण, संपीडन, शक्ती, उत्सर्जन. क्रम लक्षात राहायला ती उत्तम. मीही त्यांवरच शिकलो. परंतु तिसऱ्या चित्राखाली बहुधा या अर्थाचे वाक्य असते, की दट्ट्या अगदी वर पोहोचला की ठिणगी पडते आणि मिश्रणाचा स्फोट होतो. या वाक्यात दोन चुका आहेत आणि एकीमुळे दुसरी झाकली जाते.

याची आठवण झाली ती नाशिकला, एका मित्राच्या जुन्या फियाट ११०० मुळे. मूळ इंजिन निकामी झाल्यावर तिला नंतरच्या काळातल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन बसवले होते. दोन्ही १०८९ घनसेंटिमीटरची, तेव्हा टायमिंगही तेच, असे धरून जुन्या पुस्तिकेतले अंश लावले गेले. गाडी सुरू झाली, पण कसारा घाट चढताना इंजिन खटखट वाजू लागले.

स्फोट खरोखरच क्षणात होत असता, तर ठिणगी वरच्या टोकालाच टाकणे योग्य ठरले असते. पण मिश्रण जळते, फुटत नाही. प्लगपासून ज्योत पसरत जाते आणि त्याला वेळ लागतो. समजा, दोन मिलिसेकंद. मिनिटाला ९०० फेरे म्हणजे सेकंदाला ५४०० अंश. तेवढ्या वेळात क्रँक सुमारे ११ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांना ३६ अंश! (प्रत्यक्षात वेगाबरोबर घुसळणही वाढते, ज्योत लवकर पसरते, म्हणून फरक इतका पडत नाही.) त्यामुळे ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्याआधीच टाकावी लागते, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. हे काम डिस्ट्रिब्युटरमधली फिरती वजने करतात.

दाब सर्वाधिक व्हायला हवा तो माथा ओलांडल्यावर, साधारण १५ अंशांच्या आसपास. वर्गात सायकल उलटी ठेवा, पेडल बरोबर वर आणा आणि सरळ खाली दाबा. चाक फिरत नाही. थोडे पुढे नेऊन दाबा, मग पहा.

मग खटखट कसली? ठिणगी फार लवकर पडली, तर दाब व तापमान वाढून ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेटते. पुस्तक ज्याला नेहमीची क्रिया म्हणते, तो ‘स्फोट’ म्हणजे खरे तर बिघाड!

बदललेल्या इंजिनात संपीडनाचे प्रमाण, डिस्ट्रिब्युटरची वजने, पुलीवरची खूण यांपैकी काहीही वेगळे असू शकते. पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. म्हणून गॅरेजमधल्या उस्तादांनी आधी खूणच तपासली. माथ्याजवळ दट्ट्या जवळजवळ हलत नाही, त्यामुळे नजरेने माथा सापडत नाही. त्यांनी प्लगच्या भोकातून अडसर घातला, क्रँक हाताने सावकाश दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवला, दोन खुणा केल्या आणि त्यांचा मध्य काढला. जुनी खूण चांगलीच सरकलेली निघाली. मग घाटात गाडी नेऊन, खटखट थांबेपर्यंत डिस्ट्रिब्युटर थोडा थोडा फिरवला.

उस्ताद आठवीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांना ते चित्र दाखवले. म्हणाले, ‘‘असं लावलं तर गाडी घाट चढायची नाही, साहेब.’’